पाहुणा वर्ग पडद्यावर येण्याआधी

अगं, आधी एक सांगते. लेझीम राहू दे.

परदेशातल्या शाळेशी व्हिडिओ कॉल ठरतोय म्हटल्यावर मुख्याध्यापकांनी लगेच लेझीम पथक, नऊवारीतल्या मुली, फेटे, औक्षणाचं ताट अशी यादी केली, हे तू फोनवर सांगितलंस तेव्हाच मनात आलं, तुझ्याशी निवांत बोलायला हवं. सरांचा हेतू चांगला आहे. पाहुणे यायचे म्हणजे आपण घर आवरतो, ठेवणीतलं बाहेर काढतो, तसंच हे. पण चाळीस मिनिटांतली वीस मिनिटं आपली मुलं नाचली आणि उरलेली वीस तिकडची मुलं गायली, तर कुणाला कुणाबद्दल काय कळणार? समोरचा काय खातो, कशाला घाबरतो, शाळेत यायला त्याला कधी नको वाटतं, यातलं काहीच नाही. मुलांच्या लक्षात राहतं ते एवढंच की आपण छान दिसलो.

तुला हवंय ते निराळं आहे. तुझ्या तिसरी-चौथीच्या पोरांना दुसऱ्याचं मन ओळखता यावं, आपल्यासारखं न दिसणाऱ्या, आपल्यासारखं न बोलणाऱ्या माणसाबद्दल आपुलकी वाटावी, असं तू म्हणतेस. मग माझं म्हणणं ऐक. नुसत्या दर्शनानं माया उपजत नाही. त्या मुलांबरोबर एखादं काम केलं, त्यांच्यावाचून आपलं अडलं आणि असं वारंवार घडलं, तर उपजते. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली पूर्वग्रहांवर मोठं पुस्तक लिहिलं, त्यात हेच आहे. दोन गट समोरासमोर आले म्हणून मनातली अढी जात नाही. दोघांचा मान सारखा हवा, दोघांनी मिळून गाठायचं काहीतरी हवं, त्यासाठी एकमेकांचा हात धरावा लागायला हवा आणि वरच्या माणसांचं त्याला पाठबळ हवं. शाळेत वरची माणसं म्हणजे तू आणि तुझे सर. या चार गोष्टी मनात धरून तुझ्या कॉलकडे बघ, म्हणजे काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते आपोआप दिसेल.

आणि तू तिसरी-चौथीची मुलं निवडलीस, ते मला फार आवडलं. लॅम्बर्ट आणि क्लाइनबर्ग या दोघांनी १९६७ साली एक अभ्यास छापला होता. जगातल्या वेगवेगळ्या भागांतल्या सहा, दहा आणि चौदा वर्षांच्या मुलांना त्यांनी विचारलं होतं, परक्या देशातली माणसं तुम्हाला कशी वाटतात? दहाच्या आसपासची मुलं, विशेषतः अमेरिकेतली, परक्यांबद्दल सगळ्यांत मोकळी निघाली. चौदाव्या वर्षापर्यंत तो मोकळेपणा कमी झालेला दिसला. म्हणून म्हणते, हे काम हायस्कूलवर टाकू नकोस. तुझ्या हातात आहेत तीच वर्षं मोलाची आहेत.

आपल्याकडे हे जमतं का, अशी शंका तुझ्या बोलण्यात होती. सोलापूर जिल्ह्यातच बघ ना. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. पुस्तकांत त्यांनी आणलेले क्यूआर कोडही ठाऊक आहेत. पण त्यांच्या ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ या उपक्रमाबद्दल आपल्या शिक्षकांतही फारसं कुणी बोलत नाही. भारत आणि पाकिस्तान, इस्राएल आणि पॅलेस्टाइन, इराण, इराक, अमेरिका, उत्तर कोरिया, अशा आपसात वैर असलेल्या देशांतली मुलं त्यांनी जोडली. प्रत्येक मुलाला पलीकडचा एक मित्र मिळतो आणि सहा आठवडे दोघं मिळून प्रश्नावल्या तयार करतात, पाहुण्यांचं बोलणं एकत्र ऐकतात, आपल्यात सारखं काय आहे ते शोधतात. सहा आठवडे, हे ध्यानात घे. एका दुपारचा सोहळा नाही.

त्यांची आणखी एक गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. परितेवाडीला ते आले तेव्हा वर्गातल्या बऱ्याच मुलांची घरची भाषा कन्नड होती. म्हणून ते आधी कन्नड शिकले, मग पहिली ते चौथीची पुस्तकं मुलांच्या भाषेत नेली. देशांच्या सीमा ओलांडायला मुलांना सांगणाऱ्या माणसानं स्वतः आधी वर्गाचा उंबरा ओलांडला होता. हे मी तुला का सांगतेय, ते पुढे कळेल.

आता वर्ग कुठला निवडायचा? तुझ्या मनात अमेरिका किंवा इंग्लंड आहे, कारण मुलांच्या कानावर इंग्रजी पडेल. मी म्हणेन, पहिल्या वर्षी नको. तिकडची मुलं भराभर बोलणार, तुझी मुलं खाली मान घालून ‘माय नेम इज’ म्हणणार. मान सारखा राहिला का? त्यापेक्षा जपान, व्हिएतनाम, इंडोनेशिया, तुर्कस्तान अशा देशातला वर्ग बघ. त्या मुलांनाही इंग्रजी जड जातं. दोन्हीकडची मुलं अडखळतात, हातवारे करतात, चित्र काढून कॅमेऱ्यासमोर धरतात. समोरचाही शब्द शोधतोय हे दिसलं की आपल्या मुलांची भीती निम्मी होते आणि धीर धरून ऐकायची सवय लागते. कुणी मराठीत बोललं तर बोलू दे, तू सांग त्यांना इंग्रजीत. त्यांच्या बाईही तेच करतील. मध्ये थोडा वेळ जातो, जाऊ दे. त्या वेळात मुलं एकमेकांचे चेहरे वाचत असतात.

वेळेचंही गणित बघ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आपल्या सकाळी अकराला मध्यरात्र उलटून गेलेली असते, तिथल्या वर्गाशी शाळेच्या वेळेत भेट होणंच कठीण. जपान आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणजे तुझा परिपाठ संपतो तेव्हा तिथे दुपारचे दोन वाजलेले असतात आणि वर्ग सुरू असतो. केनिया अडीच तास मागे, तुझ्या अकराला तिथे साडेआठची सकाळ. आणि शनिवार धरू नकोस. तुझी शनिवारची सकाळची शाळा असते, पण जपानमध्ये बहुतेक शाळांना त्या दिवशी सुट्टी.

आता खरं काम. कॉलच्या आधीचे पंधरा दिवस. यात घाई केलीस तर पुढचं सगळं वाया जाईल.

मुलांना विचार, जपान, केनिया अशा देशांतल्या मुलांबद्दल तुम्हाला काय वाटतं? आपली भेट कुठल्या देशाशी, ते मात्र सांगू नकोस, पहिल्या भेटीत त्यांनाच ओळखायचं आहे. जे वाटतं ते लिहून घे, चुकीचं असलं तरी खोडू नकोस. केनिया म्हटलं की सिंह, झोपड्या आणि उपासमार येईल. जपान म्हटलं की रोबो आणि बुलेट ट्रेन. मग विचार, आपल्या गावाबद्दल त्यांना काय वाटत असेल? इथे मुलं थबकतात. आपल्याकडेही कुणीतरी असंच, न बघता, काहीतरी ठरवून बसलं असेल, हे त्यांना पहिल्यांदा जाणवतं. नैरोबी हे उंच इमारतींचं मोठं शहर आहे हे तू सांगून टाकू नकोस. ते त्यांना त्या मुलांकडून कळू दे.

मग प्रश्न. मुलांनी पहिल्यांदा काढलेले प्रश्न परीक्षेतल्यासारखे असतात: तुमच्या देशाची राजधानी कोणती, राष्ट्रीय पक्षी कोणता. ते पुस्तकात मिळतं, म्हणावं, ज्याचं उत्तर फक्त त्या मुलालाच देता येईल असं विचारा. शाळेत येताना तुझ्यासोबत कोण असतं? घरात तुला कुठलं काम करावं लागतं? पाऊस आला की तू काय करतोस? भांडण झालं की तुमच्यात बट्टी कशी होते? आणि नियम एकच ठेव: जो प्रश्न विचाराल त्याचं आपलं उत्तरही तयार हवं. या एका नियमानं आगाऊ प्रश्न आपोआप गळतात. ‘तुमच्याकडे गरिबी का आहे’ असं विचारायला निघालेलं पोर स्वतःचं उत्तर शोधताना थांबतं.

‘बिचारे’ या उद्गारावर फार लक्ष ठेव. आफ्रिकेतल्या वर्गाशी बोलताना आपली मुलं तो काढतील आणि युरोपातल्या वर्गाशी बोलताना तिकडची मुलं आपल्याबद्दल तेच म्हणतील. दोन्ही वेळी मध्ये पड. कीव करणारा वरच्या पायरीवर उभा असतो, मग मैत्री व्हायची कशी? म्हणून वह्या, पेन्सिली, कपडे असलं काही इकडून तिकडे किंवा तिकडून इकडे पाठवायचा विषय निघाला तर गोडीनं नाही म्हण. पाठवायचंच असेल तर दोन्हीकडून सारखं जावं. एक चित्र, एक पान, अंगणातली एखादी पाकळी चिकटवलेलं पत्र.

पहिल्या भेटीला खेळ ठेव. स्काइपच्या काळात शिक्षकांनी ‘मिस्टरी स्काइप’ नावाचा खेळ जगभर नेला होता. २०२५ च्या मे महिन्यात स्काइप बंद झालं, खेळ मात्र झूमवर किंवा गुगल मीटवर तसाच चालतो. दोन्ही वर्गांनी आपला देश लपवायचा आणि फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ उत्तर येईल असे प्रश्न विचारून दुसऱ्याचा ठिकाणा ओळखायचा. तुम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला आहात का? तुमच्या देशाला समुद्र आहे का? कुणी नकाशा धरतो, कुणी नोंदी करतो, कुणी प्रश्न ठरवतो. मागच्या बाकावरची मुलं नकाशावर वाकलेली बघितलीस की तुझाच जीव सुपाएवढा होईल. आणि इंग्रजी लागतं दोन-चार वाक्यांपुरतं.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपासून सामायिक काम हवं. सगळ्यांत सोपं म्हणजे जेवण. जपानमधल्या बहुतेक प्राथमिक शाळांत दुपारचं जेवण मुलंच एकमेकांना वाढतात आणि वर्ग, जिने, व्हरांडे मुलंच झाडून-पुसून घेतात. तुझ्या शाळेत पोषण आहाराची खिचडी मावशी शिजवतात आणि मुलं हौदावर ताटं धुतात. आठवडाभर दोन्ही वर्गांनी लिहून ठेवायचं: आज काय खाल्लं, कुणी शिजवलं, कुणी वाढलं, उरलेल्याचं काय झालं. किंवा पाण्याचं बघ. घरात पाणी कुठून येतं, कोण भरतं, दिवसाला किती घागरी लागतात? टँकरवर अवलंबून असलेल्या गावातल्या मुलांकडे या विषयावर सांगण्यासारखं इतकं असतं की समोरचा वर्ग कान देऊन ऐकतो. आपलं रोजचं जगणं दुसऱ्याला ऐकावंसं वाटतं, हे कळलं की मूल ताठ बसतं.

पण मला सगळ्यांत आवडतं ते सावलीचं काम. एक मीटरची काठी जमिनीत उभी रोवायची आणि भर दुपारी तिची सावली सगळ्यांत आखूड होते तेव्हा मोजायची. २१ मार्चच्या सुमारास, दिवस-रात्र सारखी असते तेव्हा, तुझ्या बीडकडे ती सावली सुमारे ३४ सेंटिमीटर भरते, टोकियोत सुमारे ७२ आणि नैरोबीत जवळजवळ नाहीच. एकच सूर्य, एकच काठी आणि तीन सावल्या. का, ते शोधायला तिन्ही आकडे लागतात आणि आपल्याकडे त्यातला एकच असतो. बाकीचे दोन त्या मुलांनी उन्हात उभं राहून मोजल्याशिवाय मिळत नाहीत. ‘बाई, त्यांच्याकडे ढग आले तर?’ असं तुझा एखादा विद्यार्थी विचारेल. माझ्या लेखी ते फार मोठं यश आहे. हजारो किलोमीटरवरच्या आभाळाची त्याला काळजी लागली. एक सूचना मात्र ठेव. विषुवदिनाला जपानमध्ये सार्वजनिक सुट्टी असते आणि मार्चअखेर तिथलं शाळेचं वर्षच संपतं, म्हणून दोन-तीन दिवस आधीची तारीख ठरव. आकडे किंचित बदलतील, पण दोघांनी एकाच दिवशी मोजलं की झालं.

आता ते, ज्यासाठी मी कन्नडची गोष्ट सांगितली.

मार्चमध्ये तुझा अर्धा वर्ग कुठे असतो? दिवाळी झाली की आई-बापांबरोबर ऊसतोडीला. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीकडे आणि बाकीची थेट कोल्हापूर-सांगलीकडच्या फडावर, कोपीत. परत येतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर. वर्गात त्यांची जागा गेलेली असते, पाढे मागे पडलेले असतात आणि राहिलेली मुलं त्यांना चिडवतात. तू परदेशाशी दुवा जोडायला निघालीस, याचा मला आनंद आहे. पण पहिला व्हिडिओ कॉल त्या फडावर कर. टोळीत कुणाकडे तरी फोन असतोच, मुकादमाकडे तर असतोच. पंधरा दिवसांतून एकदा, संध्याकाळी, गाड्या भरून झाल्यावर. जे प्रश्न परदेशी वर्गासाठी तयार केलेत तेच तिथे विचारू देत: पाणी कुठून येतं, कोण भरतं, तू आज काय काम केलंस, धाकट्याला कोण सांभाळतं? आपल्याच वर्गातलं पोर पहाटे थंडीत उठून काय करतं, हे गावात राहिलेल्या मुलांना ठाऊक नसतं. त्याच बाकावर बसून वर्ष काढतात, तरी ठाऊक नसतं.

आणि सावलीच्या दिवशी त्यांनाही काठी रोवायला सांग. कोल्हापूरकडे ती ३० सेंटिमीटरच्या आसपास भरेल. तुझ्या गावापेक्षा बोट-दोन बोटं कमी, कारण ते दक्षिणेला आहेत. मग टोकियोच्या मुलांपुढे तुझ्या वर्गाचे आकडे मांडायचे ते दोन मांडायचे, एक गावातला, एक फडावरचा. फडावर मोजणारा मुलगा हजेरीपटावर गैरहजर असेल, पण कामात हजर असेल. तो परत येईल तेव्हा बाकीची मुलं त्याला ‘सावली मोजणारा’ म्हणून ओळखतील. हे घडवणं तुझ्या हातात आहे, त्याला ना अनुदान लागतं, ना आदेश.

कुणी विचारलं, हे फॅड कुठून आणलं, तर सांग, फॅड नाही. दक्षिण फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या सेलेस्तीं फ्रेने नावाच्या शिक्षकानं १९२० च्या दशकात वर्गात छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं आपल्याच दिवसाबद्दल लिहायची, छापायची आणि दूर ब्रिटनीतल्या एका शाळेला टपालानं पाठवायची, तिकडून त्यांचं यायचं. १९८८ मध्ये, शीतयुद्ध संपलं नव्हतं तेव्हा, न्यूयॉर्क आणि मॉस्कोच्या शाळा संगणकावरून जोडल्या गेल्या आणि त्यातून आयअर्न ही शाळांची जागतिक साखळी उभी राहिली. आणि आपल्याकडे प्रांताप्रांतांतली माणसं जोडू पाहणारी साने गुरुजींची आंतरभारती आहेच. नेट गेलं, वीज गेली तरी घाबरू नकोस, हेही सांगायला मी हा इतिहास काढला. टपाल चालतं. दोन मिनिटांची ध्वनिफीत चालते. मुलांनी बोललेली छोटी चित्रफीत रात्री पाठवली तर ती वेळेच्या फरकालाही पुरून उरते. खरं तर लाजरी मुलं अशाच फितीत जास्त बोलतात, कारण नको वाटलं तर पुन्हा बोलता येतं.

परवानग्यांचं थोडक्यात. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांड, पालकांकडून लेखी संमती घे, मुलांची फक्त पहिली नावं वापर आणि वैयक्तिक नंबर एकमेकांना देऊ देऊ नकोस. कॉलचे फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला अजिबात नकोत, तुझ्याही नाही आणि सरांच्याही नाही. परक्या मुलांचे चेहरे त्यांच्या आई-वडिलांनी आपल्या विश्वासावर सोपवलेले असतात. सरांना हे कसं सांगायचं ते तुझ्यावर सोडते, पण सांग.

कॉल संपला की लगेच गणिताचं पुस्तक उघडू नकोस. मुलांना गोल करून बसव. आधी लिहून घेतलेला कागद काढ, तो सिंह आणि रोबोवाला, आणि विचार, यातलं काय खोडायचं? मग विचार, त्यांच्यापैकी कुणाचं बोलणं तुला अजून आठवतंय आणि का? कुणाला काहीच आवडलं नसेल, कंटाळा आला असेल, तेही ऐक. ‘ते आपल्यासारखेच आहेत’ एवढ्यावर मुलं थांबली तर थोडं पुढे ढकल. सारखं असणं छानच, पण जिथे ती मुलं आपल्यासारखी नाहीत तिथे काय? ती काही वेगळं खातात, वेगळ्या देवाला हात जोडतात किंवा कुठल्याच देवाला जोडत नाहीत, तेव्हा? तिथे ‘ई’ म्हणणारं पोर निघेल. त्याला रागावू नकोस. ‘तुझ्या डब्याला कुणी ई म्हटलं तर?’ एवढं विचार आणि गप्प राहा. उत्तर त्याचं त्याला शोधू दे, त्याला वेळ लागला तरी चालेल.

तर आता असं कर. या आठवड्यात फडावर जाणाऱ्या पालकांचे नंबर गोळा कर. दिवाळीपर्यंत जपानमधल्या एखाद्या वर्गाच्या बाईंशी तू एकटीनं दोन-तीनदा बोल, मुलांविना. त्यांचाही स्वभाव कळू दे. दोन शिक्षकांचं जमलं नाही तर दोन वर्गांचं जमत नाही. त्यांना पाठवायचं पहिलं पत्र लिहिलंस की मला दाखव, इंग्रजी मी बघून देते. आणि सरांना सांग, स्वागताला त्यांनी स्वतः दोन वाक्यं बोलावीत, मराठीत. तिकडच्या मुलांनाही आपली भाषा कानावर पडू दे.